चालण्याआधीच चूक दाखवणाऱ्या भाषांचे घराणे

१२ जून २०२५ रोजी, आपल्याकडे रात्री सव्वाअकराच्या सुमारास, गूगलच्या क्लाउड सेवा जगभर एकाच वेळी कोलमडू लागल्या. जीमेल आणि स्पॉटिफाय यांसारख्या, वरवर पाहता एकमेकांशी संबंध नसलेल्या सेवा त्या एका धक्क्याने अडखळल्या. गूगलने नंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालातले कारण थोडक्यात असे होते. परवानग्या आणि वापरमर्यादा तपासणाऱ्या एका प्रणालीत २९ मे रोजी नवा कोड दाखल झाला होता. १२ जूनला त्या प्रणालीकडे धोरणाची एक नोंद गेली आणि त्या नोंदीतले काही रकाने कोरे होते. कोऱ्या रकान्याचे काय करायचे, हे नव्या कोडमध्ये लिहिलेलेच नव्हते. त्यामुळे प्रोग्राम बंद पडला, आपोआप पुन्हा सुरू झाला, तीच नोंद वाचून पुन्हा बंद पडला. नोंद काही सेकंदांतच जगभरच्या केंद्रांत पोहोचलेली असल्यामुळे सगळीकडे हाच प्रकार घडला.

ही बातमी वाचताना सामान्य वाचकाला पडणारा प्रश्न साधा आहे आणि तो अगदी योग्य आहे. रकाना कधी तरी कोरा येईल, ही काही कल्पनेपलीकडची गोष्ट नव्हती. मग ‘कोरा आला तर काय?’ हा प्रश्न प्रोग्राम जगभर पाठवण्याआधी, तो लिहिणाऱ्याच्या टेबलावरच कोणी विचारू शकले नसते का? याचे उत्तर असे की नेमक्या या जातीच्या चुकीपुरता हा प्रश्न माणसाला न विसरता विचारणाऱ्या भाषा चाळीस वर्षांहून अधिक काळ अस्तित्वात आहेत. त्यांच्या घराण्याला ‘एमएल’ म्हणतात. हल्ली ही दोन अक्षरे ‘मशीन लर्निंग’साठीही वापरली जातात, त्याच्याशी या नावाचा संबंध नाही. इथे एमएल म्हणजे ‘मेटा लँग्वेज’, आणि हे नाव कुठून आले ते पुढे येईलच.

पायापुरत्या तीन गोष्टी

माणसाने लिहिलेल्या सूचनांचे यंत्राला कळणाऱ्या रूपात भाषांतर करणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. भाषांतरासाठी कंपायलरला सगळा मजकूर वाचावाच लागतो, आणि वाचता वाचता त्यात काही विसंगती आहे का, हेही तो पाहू शकतो. किती बारकाईने पाहायचे, हे प्रत्येक भाषा आपापल्या परीने ठरवते.

दुसरी गोष्ट म्हणजे टाइप, अर्थात माहितीचा प्रकार. रक्कम, तारीख, नाव हे वेगवेगळे टाइप आहेत. दोन रकमांची बेरीज करता येते; रकमेत तारीख मिळवता येत नाही. कंपायलर असे मेळ आणि बेमेळ तपासतो, तेव्हा त्याला टाइपची तपासणी म्हणतात.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘फंक्शनल’ हे विशेषण. बहुतेक प्रचलित भाषांत प्रोग्राम पाटीवर लिहिल्यासारखा चालतो: एका नावाच्या चौकटीत आता ५ आहे, थोड्या वेळाने ते पुसून ८ लिहिले जाते, आणि मधल्या कोणत्या क्षणी तिथे काय होते याचा माग नंतर लागत नाही. फंक्शनल भाषांची रीत जुन्या पेढीवरच्या रोजकीर्दीसारखी आहे. रोजकीर्दीत खाडाखोड करायची नसते. नोंद चुकली तर तिची उलट नोंद करायची आणि पुढे जायचे. त्यामुळे कोणत्याही दिवसाचे पान उघडले तरी त्या दिवशी काय लिहिले होते ते तसेच सापडते. फंक्शनल प्रोग्राममध्येही आहे ते बदलण्याऐवजी त्यापासून नवे तयार करतात, आणि हे काम फंक्शन करते: ठरावीक गोष्ट घेते, ठरावीक गोष्ट परत देते, शाळेतल्या गणितातल्या सूत्राप्रमाणे. एमएल घराणे याबाबत कडवे नाही. पुसून लिहिता येणारी चौकट हवी असेल तर तीही मिळते, मात्र ती तशी आहे हे उघडपणे लिहावे लागते.

एडिंबरोमधली अडचण

रॉबिन मिल्नर हे ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत स्टॅनफर्डला होते. गणिती सिद्धता संगणकाच्या मदतीने, पायरी न पायरी तपासत लिहिता यावी यासाठी त्यांनी तिथे एक प्रणाली उभी केली होती. तिचे नाव एलसीएफ. तिच्यात दोन अडचणी आल्या. सिद्धतेची प्रत्येक पायरी साठवून ठेवताना त्या काळच्या संगणकाची स्मृती भरून जाई, आणि प्रणालीला मोजक्याच आज्ञा समजत असल्याने वापरणाऱ्याला स्वतःची नवी युक्ती तिच्यात घालता येत नसे.

१९७३ मध्ये मिल्नर एडिंबरो विद्यापीठात आले आणि सहकाऱ्यांसह त्यांनी या दोन्ही अडचणींवर एकच उपाय काढला. सिद्धता शोधण्याच्या युक्त्या लिहिण्यासाठी त्यांनी एक स्वतंत्र भाषा तयार केली. गणिताच्या भाषेविषयी बोलणारी भाषा, म्हणून तिचे नाव मेटा लँग्वेज. तिच्यात ‘प्रमेय’ असा एक खास टाइप ठेवला आणि नियम असा केला की या टाइपची वस्तू फक्त तर्कशास्त्राच्या मान्य नियमांतूनच तयार होऊ शकेल.

ही कल्पना मला नोटेसारखी वाटते. नोट बाजारात हजार हातांतून फिरते. ती कोणत्या हातांतून आली, याची वही कोणी ठेवत नाही. ती नाशिकरोडसारख्या अधिकृत छापखान्यातून आलेली आहे, एवढे पुरते. मिल्नर यांच्या प्रणालीतही सिद्धतेच्या सगळ्या पायऱ्या जपून ठेवण्याची गरज उरली नाही, कारण हातात आलेली वस्तू ‘प्रमेय’ या टाइपची असेल तर ती मान्य नियमांच्या छापखान्यातूनच आलेली असणार. खऱ्या नोटेची नक्कल होऊ शकते. इथे मात्र नक्कल करणारा कोड कंपायलर आत येऊच देत नाही. युक्ती लिहिणाऱ्याने हवा तेवढा धाडसी, प्रसंगी चुकीचाही प्रयत्न करावा. फार तर त्याला सिद्धता सापडणार नाही, पण खोटे प्रमेय तयार होणार नाही.

एमएलचा जन्म अशा गरजेतून झाला, हे तिचा स्वभाव समजण्यासाठी महत्त्वाचे आहे. जिथे ‘बहुधा बरोबर असेल’ याला काहीच किंमत नाही, अशा कामासाठी ती घडवली गेली.

यादीत न लिहिलेले किलो

टाइपची तपासणी करणाऱ्या भाषा एमएलच्या आधीही होत्या. त्यांच्याविषयी तक्रार अशी असे की प्रत्येक नावापुढे त्याचा टाइप हाताने लिहावा लागतो आणि प्रोग्राम सरकारी अर्जासारखा भरगच्च होतो. दुसऱ्या टोकाला काहीच न विचारणाऱ्या भाषा होत्या. त्यांत लिहिणे सोपे, पण चूक कळायची ती प्रोग्राम चालताना. मिल्नर यांनी या दोन टोकांमधली वाट दाखवली.

किराणा दुकानात देण्याच्या यादीत आपण ‘तांदूळ ५, दूध २, केळी १२’ एवढेच लिहितो. किलो, लिटर, नग असे काहीही लिहिलेले नसते, तरी दुकानदार चुकत नाही, कारण वस्तूवरून माप ठरते. मात्र यादीत एकीकडे ‘दूध २’ आणि दुसरीकडे ‘दुधाच्या प्रत्येक नगाला वेगळी पिशवी’ असे लिहिले, तर तो थांबून विचारतो. एमएलचा कंपायलर हेच करतो. एखाद्या नावाचा वापर कुठे कसा झाला आहे, यावरून त्याचा टाइप तो स्वतः शोधून काढतो आणि दोन वापर जुळत नसतील तर तिथेच अडवतो. याला टाइपचे अनुमान म्हणतात.

यातला सगळ्यात सुंदर भाग तर पुढेच आहे. समजा, एक फंक्शन यादी उलटी करून देते: शेवटचे पहिले, पहिले शेवटचे. हे करताना यादीत काय आहे, याकडे ते पाहतच नाही. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उलटा लावणाऱ्या शिपायाला त्या मराठीच्या आहेत की भूमितीच्या, हे कळण्याची गरज नसते, तसेच. एमएलचा कंपायलर हेही ओळखतो आणि ‘कोणत्याही टाइपची यादी घेते, त्याच टाइपची यादी देते’ असे सर्वांत व्यापक अनुमान स्वतःच काढतो. मिल्नर यांनी हा सिद्धांत १९७८ च्या शोधनिबंधात मांडला. रॉजर हिंडली यांनी १९६९ मध्ये तर्कशास्त्राच्या अंगाने तशाच निष्कर्षापर्यंत मजल मारली होती, म्हणून या पद्धतीला दोघांची नावे जोडली जातात. टाइप लिहिण्याचे कष्ट टाळायचे तर तपासणी सोडावी लागेल, अशी समजूत तोवर होती. हिंडली-मिल्नर पद्धतीने ती कायमची मोडली. संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार १९९१ मध्ये मिल्नर यांना ज्या कामांसाठी मिळाला, त्यांत एलसीएफ आणि एमएल ही दोन्ही आहेत.

सोसायटीच्या पावत्या

आता कोऱ्या रकान्याकडे वळू. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या काढण्यासाठी मी ओकॅमल या एमएल घराण्यातल्या भाषेत एक लहान प्रोग्राम लिहिला. पैसे तीन मार्गांनी येत होते, म्हणून सुरुवातीलाच तसा टाइप जाहीर केला. मूळ भाषेतले शब्द रोमन असतात. इथे शब्द मराठीत केले आहेत, रचना तीच आहे.

प्रकार भरणा =
| रोख
| यूपीआय (व्यवहार क्रमांक)
| धनादेश (बँक, धनादेश क्रमांक)

उभ्या रेघेचा अर्थ ‘किंवा’. म्हणजे भरणा हा रोख किंवा यूपीआय किंवा धनादेश असतो. चौथे काही असू शकत नाही. शिवाय प्रत्येक मार्गाबरोबर फक्त त्याचीच माहिती येते. रोख भरण्याला व्यवहार क्रमांक नसतोच, त्यामुळे तो रकाना कोरा ठेवण्याचाही प्रश्न येत नाही. कागदी नमुन्यात आपण सगळे रकाने सगळ्यांसाठी छापतो आणि ‘लागू नसल्यास आडवी रेघ मारा’ असे लिहितो; इथे लागू नसलेला रकाना मुळात छापलेलाच नसतो.

पावतीवरचा मजकूर ठरवणारे फंक्शन मी असे लिहिले:

भरणा पाहा:
| रोख → “रोख मिळाले”
| यूपीआय (क्र) → “यूपीआय क्रमांक ” आणि पुढे क्र

धनादेशाची ओळ लिहायची राहिली होती. कंपायलरने प्रोग्राम चालवण्याआधीच सूचना दिली, तिचा आशय असा: ही तपासणी सर्व शक्यतांना पुरी पडत नाही, सुटलेल्या शक्यतेचे एक उदाहरण, धनादेश (_, _). इथे _ म्हणजे ‘काहीही असो’. काय सुटले आहे, हे त्याने नावानिशी सांगितले. प्रत्येक शक्यतेसाठी एकेक ओळ लिहिण्याच्या या पद्धतीला ‘पॅटर्न मॅचिंग’ म्हणतात. ती एडिंबरोमध्येच १९८० च्या सुमारास ‘होप’ नावाच्या भाषेत रुजली आणि तिथून एमएलमध्ये आली.

खरी परीक्षा काही महिन्यांनी झाली. एका सभासदाचा धनादेश वटला नाही, आणि ‘न वटलेला धनादेश’ ही चौथी शक्यता टाइपमध्ये घालावी लागली. ती ओळ लिहून कंपायलर चालवला तेव्हा त्याने प्रोग्राममधल्या चार जागा दाखवल्या: पावती, महिन्याची जमा, थकबाकीची यादी आणि वार्षिक ताळेबंद. माझ्या ध्यानात पहिल्या दोनच होत्या. थकबाकीची यादी राहिली असती तर न वटलेले पैसे मिळाल्याचे धरून ती छापली गेली असती, आणि ही चूक वार्षिक सर्वसाधारण सभेतच उघड झाली असती.

कोऱ्या रकान्याचा उपाय याच तत्त्वातून निघतो. सभासदाचा दूरध्वनी क्रमांक असेल किंवा नसेल, हे खरे असेल तर टाइपही तसाच लिहायचा: ‘आहे, आणि तो असा’ किंवा ‘नाही’. याला ऑप्शन टाइप म्हणतात. असा क्रमांक थेट वापरता येत नाही; तो डब्यात ठेवलेला असतो, आणि डबा उघडताना रिकामा निघाला तर काय करायचे, हे सांगितले नाही तर कंपायलर तिथे बोट ठेवतो. इतर अनेक भाषांत मात्र कोणतीही गोष्ट गुपचूप ‘नल’, म्हणजे कोरी, असू शकते. ही सोय ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये एका भाषेची रचना करताना आणली आणि २००९ मध्ये एका व्याख्यानात, ही आपली अब्ज डॉलरची चूक होती, असे त्यांनी स्वतः सांगितले. जून २०२५ मध्ये जे घडले, ते याच जुन्या चुकीचे नवे रूप होते.

घराण्याच्या शाखा

मूळ एमएलपासून पुढे बोली फुटू लागल्या तेव्हा एक प्रमाण रूप ठरवण्याचा प्रयत्न झाला. त्यातून ‘स्टँडर्ड एमएल’ आली. भाषेतल्या प्रत्येक रचनेचा अर्थ काय, हे इंग्रजी वर्णनाऐवजी गणिती नियमांत सांगणारी तिची व्याख्या १९९० मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९७ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली.

दुसरी शाखा फ्रान्समध्ये, इन्रिया या सरकारी संशोधन संस्थेत वाढली. तिथे १९८० च्या दशकात ‘कॅमल’ तयार झाली, झाव्हिए लरुआ आणि दामियाँ दोलिजे यांनी १९९० मध्ये तिची सुटसुटीत आवृत्ती काढली, आणि १९९६ पासूनच्या रूपाला आज आपण ओकॅमल म्हणतो. तिसरी शाखा मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील प्रयोगशाळेत डॉन साइम यांनी वाढवली. ती एफ शार्प. हॅस्केल ही स्वतंत्र समितीने घडवलेली भाषा, पण टाइपचे अनुमान आणि पॅटर्न मॅचिंग या बाबतींत ती सख्खी चुलत बहीण ठरते.

घराण्याबाहेर गेलेला वारसा याहून मोठा आहे. रस्ट या भाषेचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये लिहिलेला होता, आणि रस्टमधला ऑप्शन टाइप सरळ इथून गेला. स्विफ्ट आणि कॉट्लिन या मोबाइल ॲपच्या भाषांनी ‘कोरे असू शकते’ हे टाइपमध्येच लिहिण्याची शिस्त उचलली. पायथनमध्ये २०२१ पासून पॅटर्न मॅचिंग आले. आज पुण्यात किंवा बंगळुरूमध्ये नोकरी करणाऱ्या बहुतेक प्रोग्रामरनी एमएल घराण्यातली भाषा कधी पाहिलेली नसेल. तिने शिकवलेल्या गोष्टी मात्र ते रोज वापरतात.

इतकी चांगली आहे, तर सगळे का वापरत नाहीत?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला टाळाटाळीचे उत्तर देऊ नये. भाषा निवडताना लोक तिचे गुण एकटे पाहत नाहीत. तयार सुटे भाग किती मिळतात, कामाला माणसे मिळतात का, कॉलेजात काय शिकवले जाते, या गोष्टी आधी येतात, आणि त्या बाबतींत सी, जावा, पायथन यांचा संसार कितीतरी मोठा आहे. या घराण्याकडे स्वतःची काही उशिरा फेडलेली देणीही होती. एका संगणकात अनेक प्रोसेसर असणे सर्वत्र रूढ झाल्यावरही ओकॅमलचा एक प्रोग्राम ते सगळे एकाच वेळी सहजपणे वापरू शकत नव्हता. ही उणीव डिसेंबर २०२२ मधल्या पाचव्या आवृत्तीने भरून काढली, आणि त्या दीर्घ कामात आयआयटी मद्रासचे के. सी. शिवरामकृष्णन यांचा वाटा मोठा आहे, याचा मला आनंद वाटतो.

शिवाय सुरुवातीला या भाषा शिकणे जड जाते. कंपायलर पहिल्या आठवड्यात सतत अडवतो, आणि जावातून आलेल्या माणसाला आपले हात बांधल्यासारखे वाटतात. तो काळ सरेपर्यंत धीर धरावा लागतो.

वापरणारे मात्र विचारपूर्वक वापरतात. जेन स्ट्रीट या अमेरिकी व्यापारसंस्थेचे नाव मराठी वर्तमानपत्रांत गाजले ते जुलै २०२५ मध्ये, जेव्हा निर्देशांकांच्या व्यवहारांवरून सेबीने ३ जुलैच्या अंतरिम आदेशात तिचे ४,८४३ कोटी रुपये रोखले. संस्थेने आरोप नाकारले आणि तो वाद वेगळा आहे. भाषेचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण त्या निमित्ताने अनेकांच्या वाचनात आले की ही संस्था आपले बहुतांश सॉफ्टवेअर जवळजवळ वीस वर्षे ओकॅमलमध्ये लिहिते. सेकंदाच्या छोट्या अंशात मोठ्या रकमांचे व्यवहार करणाऱ्याला ‘चालवून पाहू’ परवडत नाही, एवढेच त्याचे कारण. दुसरे उदाहरण विमानांचे आहे. पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरियर या संस्थेत ओकॅमलमध्ये लिहिलेल्या ‘अस्त्रे’ नावाच्या तपासणी-साधनाने नोव्हेंबर २००३ मध्ये एअरबस ए३४० च्या प्राथमिक उड्डाण-नियंत्रण प्रोग्रामच्या सी भाषेतल्या १,३२,००० ओळी तपासल्या आणि शून्याने भागणे किंवा मर्यादेबाहेरचा आकडा यांसारखी, प्रोग्राम चालताना उद्भवणारी चूक त्यात नाही, हे माणसाच्या मदतीविना सिद्ध केले.

मग चुका उरतच नाहीत का?

उरतात, आणि कोणत्या उरतात हे नीट कळले पाहिजे, नाही तर टाइपवर नको तेवढा भरवसा बसतो. ‘ज्यांचे टाइप जुळतात ते प्रोग्राम बिघडत नाहीत’ अशा आशयाचे मिल्नर यांचे वाक्य प्रसिद्ध आहे, पण त्यातल्या ‘बिघडत नाहीत’ला नेमका, मर्यादित अर्थ आहे: रकमेत तारीख मिळवण्यासारखी निरर्थक कृती घडणार नाही, एवढाच. रकमेत चुकीची रक्कम मिळवली, तर कंपायलरला ते कसे कळणार? ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात नष्ट झाले, कारण एक मोठा आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. एमएलची नेहमीची तपासणीही असा आकडा पकडत नाही.

मापांचा घोळ हा मधला प्रदेश आहे. आपल्याकडे बोलताना जमीन गुंठ्यांत सांगतात आणि सातबाऱ्यावर ती हेक्टर-आर मध्ये असते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. आकडे इतके जवळचे की अदलाबदल झाली तरी लवकर लक्षात येत नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ गमावले गेले ते अशाच घोळाने: एका प्रणालीने जोर-आवेगाचे आकडे पौंडांच्या मापात दिले आणि दुसरीने ते न्यूटनच्या मापात समजून घेतले. एफ शार्पमध्ये माप हाच टाइपचा भाग करता येतो. मग गुंठ्यांत आर मिळवू पाहणारा कोड कंपायलर नाकारतो. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ऑर्बिटरच्या बाबतीत आकडे एका प्रणालीतून दुसरीकडे फाइलमधून जात होते, आणि फाइलमधल्या नुसत्या आकड्याला टाइप नसतो. प्रोग्रामच्या सीमेवर, जिथे बाहेरची माहिती आत येते, तिथे तपासणी माणसालाच लिहावी लागते. एमएल एवढेच करते की त्या दारावर एकदा तपासले की आत पुन्हा पुन्हा शंका घ्यावी लागत नाही.

शिस्त मोडायची सोयही भाषेत आहे. शक्यता सुटल्याची ओकॅमलची सूचना ही मूळात फक्त सूचना असते. तिला चूक मानून थांबायला कंपायलरला वेगळे सांगावे लागते. डबा रिकामा असेल तर ‘प्रोग्राम बंद पडू दे’ असेही लिहिता येते. पण मग ते लिहिलेले असते, आणि दुसरा माणूस ते वाचून हरकत घेऊ शकतो.

भरपूर चाचण्या घेतल्या तर भागणार नाही का?

चाचण्या लागतातच. त्यांची मर्यादा अशी की आपल्याला सुचलेल्या प्रसंगांचीच चाचणी घेता येते. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराची चूक सापडली. आतल्या एका तक्त्यातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या, आणि त्या नोंदी इतक्या क्वचित लागत की कारखान्यातल्या चाचण्यांत ही चूक दिसली नाही. अमेरिकेतल्या एका गणिताच्या प्राध्यापकांना मूळ संख्यांवर काम करताना ती जाणवली. इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. त्यानंतर इंटेलने अंकगणिताच्या पद्धती सिद्धतेने तपासण्यावर भर दिला, आणि तिथे जॉन हॅरिसन यांनी वापरलेले साधन, एचओएल लाइट, हे ओकॅमलमध्ये लिहिलेले आहे. त्याच्या पोटात मिल्नर यांचा तो जुना छापखाना जसाच्या तसा आहे: प्रमेय हा टाइप, आणि तो तयार करणारे मोजके नियम.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात याचे काय?

आता प्रोग्रामचा बराच मजकूर यंत्रेच लिहू लागली आहेत, आणि तो वाचताना सफाईदार वाटतो, ही खरी अडचण आहे. सफाईदार मजकुरातली सुटलेली शक्यता माणसाच्या नजरेतून सहज निसटते. कंपायलर सफाईला भुलत नाही. सोसायटीच्या प्रोग्राममध्ये त्याने मला जो प्रश्न विचारला, तोच तो यंत्राने लिहिलेल्या कोडलाही विचारतो.

गणितात हे आधीच घडले आहे. जुलै २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडच्या दोन प्रणालींनी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडच्या ६ पैकी ४ प्रश्न सोडवून रौप्यपदकाच्या पातळीचे २८ गुण मिळवले. त्यांपैकी अल्फाप्रूफ ही प्रणाली आपली उत्तरे ‘लीन’ या सिद्धता तपासणाऱ्या भाषेत लिहिते. उत्तर शोधणारा भाग प्रचंड आहे, आणि तो कसा विचार करतो हे पूर्णपणे सांगता येत नाही. तपासणारा गाभा लहान आहे आणि तो कोणत्याही तज्ज्ञाला वाचता येतो. एडिंबरोमध्ये मिल्नर यांनी केलेली वाटणी हीच होती.

ज्यांना स्वतः करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांचा हॅस्केलचा अभ्यासक्रम एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे, आणि ओकॅमलही कोणत्याही साध्या लॅपटॉपवर विनामूल्य बसवता येते. सुरुवात ओळखीच्या एखाद्या व्यवहारापासून करावी. भिशीचा हिशेब, वाचनालयाची देवघेव, दूधवाल्याचे महिन्याचे खाते यांपैकी काहीही चालेल. आधी फक्त टाइप लिहावा, शक्यता एकेक करून मांडाव्यात, एक ओळ मुद्दाम गाळावी आणि कंपायलर काय म्हणतो ते वाचावे.